कुलूप काढणारे सगळेच चोर?

मा. संपादक,
स. न.

ई-पुस्तकांच्या 'डिजिटल कुलपां'वरचा कालचा लेख वाचला. विकत घेतलेल्या पुस्तकाचे डीआरएम, म्हणजे नक्कल आणि वापर रोखणारे हे कुलूप, काढणाऱ्या सगळ्यांना लेखकमहाशयांनी सरसकट चोर ठरवले आहे. त्यांतलाच एक चोर हे पत्र लिहीत आहे.

माझ्या पत्नीची नजर काचबिंदूने गेल्यातच जमा आहे. मोठे अक्षरही लागत नाही, म्हणून ती फोनकडून पुस्तके वाचून घेते. तिच्यासाठी पूर्ण पैसे मोजून एक जाडजूड कादंबरी घेतली, तर नेमकी त्याच पुस्तकाला मोठ्याने वाचण्याची सोय प्रकाशकाने बंद करून ठेवलेली! विक्रेत्याकडे तक्रार केली. उत्तर अतिशय नम्र होते : 'याच कादंबरीची ऑडिओ आवृत्ती आमच्याकडे उपलब्ध आहे.' म्हणजे पुन्हा पैसे भरा. मी कुलूप काढले. फाइल घरातच आहे, कुणाला दिलेली नाही, देणारही नाही. यात लेखकाचा कोणता पैसा बुडाला, ते सांगावे.

हे दुखणे नवे नाही. २००९ मध्ये ॲमेझॉनचे किंडल हे ई-पुस्तकांचे यंत्र पुस्तके वाचून दाखवू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेनेच हरकत घेतली आणि ॲमेझॉनने ती सोय बंद करण्याची मुभा प्रकाशकांना देऊन टाकली. पुढे २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय करारात, रीतसर मिळवलेल्या पुस्तकाची वाचता येण्याजोगी प्रत दृष्टिहीन वाचकाला किंवा त्याची काळजी घेणाऱ्याला करता यावी, अशी तरतूद आली. कुलपाने त्यात आडकाठी करू नये, हेही त्यात आहे. लेखात याबद्दल अवाक्षर नाही. जागा अपुरी पडली असेल. लेखकाचे हसरे छायाचित्र मात्र ऐसपैस आहे.

पुस्तके फुकट वाटणाऱ्यांचा मला पुळका नाही, त्यांना खुशाल शिक्षा करा. पण कुलूप त्यांना अडवते कुठे? अडतो तो पैसे देणारा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ई-पुस्तकांचे दुकान गुंडाळले, तेव्हा विकलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. पैसे परत दिले, हे मान्य. पण ग्राहकाने पैसे मागितले नव्हते, पुस्तक घेतले होते.

जाता जाता, आपल्या ई-पेपरची पाने म्हणजे नुसती चित्रे असतात. फोनला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. वर्गणी मात्र आम्ही पूर्ण भरतो. याबाबत पाठवलेल्या ईमेलची साधी पोचही आलेली नाही. निदान ती तरी द्यावी.

आपला,
एक वर्गणीदार