बाबांच्या मुलाखतीची तयारी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मेंटेनन्स सल्लागाराच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं, तेही व्हिडिओवर, हे वाचून फार आनंद झाला. तयारीचं जरा सविस्तर लिहिते. आई, यात तुझंही काम आहे.

आधी जाहिरातीची प्रिंट काढा. त्यात मागितलेल्या एकेका गोष्टीसमोर तुमच्या नोकरीतलं एकेक काम पेन्सिलीने लिहा. जिथे काही सुचणार नाही, तिथेच प्रश्न येईल असं धरून चाला.

‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की अनुभवी माणसं रुजू झाल्याच्या दिवसापासून सुरुवात करतात आणि उपयोगाचं येईपर्यंत समोरच्याचं लक्ष उडतं. तुम्ही उलटे या. शेवटचं पद, मग या जागेशी जुळणारी दोन कामं, मग ही जागा का हवी. दीड ते दोन मिनिटं, बस्स.

काम सांगताना अडचण काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत आणि शेवटी काय झालं, एवढं आलंच पाहिजे. ‘कंप्रेसरची देखभाल पाहिली’ यातून काही कळत नाही. ‘कंप्रेसर तापून सारखा ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, त्याला थंड ठेवणारा कूलर धुळीने आणि तेलाने चोंदलेला निघाला, मी सफाईचं वेळापत्रक लावलं, ट्रिप होणं थांबलं’ यातून तुमची नजर दिसते. आणि तुम्हाला ‘आम्ही केलं’ म्हणायची सवय आहे. सवय चांगलीच, पण त्यातलं तुमचं काम कोणतं हे समोरच्याला कळत नाही. बाकीच्यांना श्रेय द्या, आपला वाटा मात्र ‘मी’ म्हणूनच सांगा.

उत्तरं पाठ नकोत. एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं अडतं. आई, तू घड्याळ घेऊन समोर बस, प्रश्न विचार आणि दोन मिनिटं झाली की थांबव. न कळणारा शब्द आला की तिथेच टोक. एचआरच्या माणसालाही तो बहुधा कळणार नाही.

लॅपटॉपखाली पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा. पाठीमागे खिडकी नको. कॅमेरा तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. इअरफोन लावा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून घुमतो. ब्राउझरमध्ये माइक आणि कॅमेऱ्याची परवानगी आदल्या दिवशीच देऊन ठेवा. चार्जर लावलेला असू द्या.

‘या वयात कशाला?’ असं आडून विचारतील. खुलासे देत बसू नका. आठवड्यातून किती दिवस, किती तास येऊ शकता, ते आधी ठरवा आणि तेवढंच स्पष्ट सांगा. शेवटी तुम्हीही विचारा, ‘पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा आहे?’ काम खरंच सल्ल्याचं आहे की रात्री-अपरात्री धावायचं, ते उत्तरातून कळेल. दुसरं असेल तर नाही म्हणायला अजिबात कचरू नका.

रेझ्युमेमधल्या तारखा अनुभवाच्या दाखल्यांशी जुळवून मला पाठवा. रविवारी व्हिडिओ कॉलवर सराव घेऊ, प्रश्न मी विचारेन.

तुमची लेक