किझी, तुझ्यामुळे आमच्या घरात परत मराठी बोलली जायला लागली, त्याबद्दल थँक्यू

प्रिय किझी क्रॉफर्ड,

तू वेल्सची गाणारी, हे मराठी पत्र तुला वाचता येणार नाही हे मला माहितीये, पण तुझी निम्मी गाणी वेल्शमध्ये, ती मलाही धड कळत नाहीत, त्यामुळे हिशोब बरोबर झाला समज. आणि 'तू' म्हणतेय म्हणून रागावू नकोस, आमच्याकडे आवडत्या गाणारणीला अहो-जाहो करतच नाहीत, लताला पण सगळे लताच म्हणायचे.

मी मूळची मिरजेची, नर्स आहे, तेरा वर्षं झाली वेल्समध्ये, कार्डिफला. नवरा मर्थिर टिडफिलचा, म्हणजे तू जिथे वाढलीस तिथलाच. त्याच्या पणजीला वेल्श, म्हणजे वेल्सची स्वतःची भाषा, यायची, आजीला थोडी थोडी, आईला फक्त शिव्या आणि प्रार्थना, आणि याला स्वतःला काहीच नाही. खाणींच्या त्या सगळ्या भागात असंच झालंय म्हणतात, इंग्रजी आली की नोकरी मिळते, मग वेल्श कशाला, असं करत करत तीन पिढ्यांत भाषा घरातून गेली. त्याला त्याची खंत होती म्हणून लेकीला आम्ही वेल्श माध्यमाच्या शाळेत घातलं. म्हणजे बघ, घरात बाबाशी इंग्रजी, शाळेत वेल्श, माझ्याशी मराठी. मला यात काही विशेष वाटायचं नाही कारण मिरजेत आमच्या गल्लीत मराठी, कानडी आणि दखनी एकाच नळावर चालायची.

तर लेक सात वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुकानात लाइनीत उभ्या होतो, ती मैत्रिणीशी वेल्शमध्ये बडबडत होती, मागच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, किती छान बोलतेस गं, कुठली तू? ही म्हणाली कार्डिफ. बाई म्हणाल्या, हो, पण मूळची कुठली? ही परत म्हणाली कार्डिफ. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या, म्हणजे उत्तर मी द्यायचं होतं. बाई वाईट नव्हत्या हं, खरंच नव्हत्या. पण रात्री झोपताना पोरगी म्हणाली, आई, तू बाहेर माझ्याशी मराठीत नको बोलू. मी म्हटलं बरं. आणि मग बाहेर नाही, मग गाडीत नाही, मग घरात पण नाही, सहा-सात महिन्यांत सगळं 'येस मम, नो मम' वर आलं. आज्जीशी व्हिडिओ कॉलवर नुसती हात हलवायची आणि पळायची. माझी आई म्हणायची, पोर लाजतंय. मी पण हो म्हणायचे. खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही.

तू कशी आलीस आमच्याकडे? ए470 रस्त्याने मर्थिरला सासरी चाललो होतो, गाडीत रेडिओ कमरी हे वेल्श स्टेशन लागलेलं (लेकीच्या शाळेच्या भाषेसाठी लावतो, मी आणि नवरा दोघंही नुसते ठोकळ्यासारखे ऐकतो), आणि एक आवाज आला. पिली पाला. माझ्या मराठी कानाला पिवळा पाला ऐकू आला, मी म्हटलं पानगळीचं गाणं दिसतंय, तर मागच्या सीटवरून लेक ओरडली, मम, इट्स बटरफ्लाय! फुलपाखरू. मग तिने बाबाच्या फोनवर तुझा फोटो शोधला आणि बराच वेळ काही बोललीच नाही. नंतर एवढंच म्हणाली, ही पण मर्थिरची आहे?

आता कुठे तुझ्या घराण्याचं कॅरिबियनमधलं बार्बाडोस आणि कुठे मिरज, कुरळे केस सोडले तर तुझ्यात आणि तिच्यात काही म्हणजे काही साम्य नाही, पण तिला जे दिसायचं ते दिसलं.

त्यानंतर दोन महिने आमच्याकडे तुझाच अभ्यास चालू होता. तुझा जन्म 1996 चा, ऑक्सफर्डचा, पण लहानपणीच वेल्समध्ये आलीस, घराण्यात बार्बाडोस, आणि लिहितेस गातेस दोन्ही भाषांत. 2013 मध्ये पहिली ईपी, म्हणजे छोटा अल्बम, 'टेम्पररी झोन'. 2014 मध्ये बीबीसी वेल्स आणि आर्ट्स कौन्सिलने नवीन कलाकारांसाठी 'गोर्वेलिऑन' स्कीम काढली, तिच्या पहिल्या बारा जणांत तू. 2019 ला 'द वे आय ड्रीम', त्यात जॅझ आणि सोलचा चांगला वास आहे. ही यादी लेकीने फ्रिजवर चिकटवली होती, तिच्या स्पेलिंगसकट.

मला स्वतःला जास्त आवडतो तो 2021 चा 'ऱ्हीद'. ऱ्हीद म्हणजे मोकळी, सुटलेली. सगळा अल्बम वेल्शमध्ये. आणि तू ऑटिझमबद्दल, आतल्या घालमेलीबद्दल उघड बोललीस त्याच सुमाराला, ते मी वॉर्डातल्या एका ज्युनिअरला वाचायला दिलं होतं, तिला कशासाठी ते इथे लिहीत नाही. इंग्रजीत गायलीस तर ऐकणारे जगभर आहेत. वेल्श बोलणारे किती, तर 2021 च्या जनगणनेत साधारण 5 लाख 38 हजार, वेल्समधले 17.8 टक्के. आमच्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेतच 2011 ला 5 लाखांच्या वर माणसं होती! म्हणजे एका महापालिकेच्या भाषेत अख्खा अल्बम करायचा. धंद्याच्या हिशोबाने हे कोणी सांगणार नाही कुणाला.

पण खरा उपकार केला तो 'कान अर आदार' ने, पक्ष्यांचं गाणं. तू, पियानोवर ग्विलिम सिमकॉक आणि सिंफोनिया कमरी या ऑर्केस्ट्राची मंडळी. ते सगळं जन्माला आलं एलान खोऱ्याजवळच्या कार्नगाव्हाल्तच्या ओकच्या जंगलावरून (शेवटाकडचा तो वेल्श 'एल एल' मला अजून जमत नाही, लेक म्हणते जीभ ल सारखी ठेव आणि फुंकर मार, मी थुंकते). अल्बम आला 2018 ला, आम्हाला उशिरा सापडला. मग मे महिन्यात हट्टाने तिकडे गेलो, पाऊस, चिखल, झाडांना शेवाळ इतकं की मला आंबोलीची आठवण झाली. तिथे एक काळा-पांढरा चिमुकला माशीमार दिसला. बोर्ड-बिर्ड बघून आणि फोनवर शोधून लेकीने वाचून दाखवलं की हा हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो आणि घरटं बांधायला दरवर्षी इथे येतो. थोडं पुढे गेल्यावर चिखलात थांबून म्हणाली, मम, याला कोण विचारतं का मूळचा कुठला?

मी काही बोलले नाही. छत्री धरून उभी राहिले.

त्या रात्री बी-अँड-बीच्या खोलीतून तिने स्वतः आज्जीला कॉल लावला. तिला त्या पक्ष्याचं मराठी नाव पाहिजे होतं, इंग्रजी आणि वेल्श तिच्याकडे होतं, तिसरा रकाना रिकामा होता. आमच्या आईला माशीमार-बिशीमार काय माहीत, पण तिने जी सुरुवात केली साळुंकी, कोतवाल, भारद्वाज, बुलबुल, टिटवी, पावशा, आणि पावशा ओरडतो कसा ते करून दाखवलं, 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा', सत्तरीची बाई फोनवर पावशा झाली. लेक हसून हसून गादीवरून पडली आणि मराठीत म्हणाली, आज्जी परत कर ना. जवळजवळ दीड वर्षाने. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि जे करायचं ते केलं.

तेव्हापासून चालू आहे. मोडकंतोडकं, 'मी गेली होती', 'माझा पुस्तक', लिंगाचे सगळे घोळ, चालतंय. बाहेर पण बोलते, बसमध्ये तर मुद्दाम मोठ्याने. परवा कोणीतरी परत विचारलंच, कुठली गं तू, तर म्हणाली कार्डिफ, आणि मर्थिर, आणि मिरज, तुम्हाला कुठलं पाहिजे? जरा उद्धट झालीये हे मान्य. ते तुझ्या खात्यावर टाकत नाही, ते माझ्याकडून आलंय.

एक सांगायचं राहिलं. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहायचे, मूळचे तिकडे उत्तरेतले कैराण्याचे. मराठी नाट्यपदं गायले, त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या, 1937 ला गेले, आणि अजून दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या नावाने दर्ग्यात गाणं होतं, रात्र रात्र माणसं सतरंजीवर बसतात. लहानपणी बाबांबरोबर जायचे मी, झोपायचेच जास्त. पण खाँसाहेब 'मूळचे' कुठले हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो तुझं वाचताना, कारण आम्ही त्यांना मिरजेचेच धरून चाललो होतो. लेकीला हे सांगितलं तर तिने विचारलं, मग किझीला पण दर्ग्यात बोलावतील का? मी म्हटलं विचारायला लागेल. तर बघ, कधी उरुसाच्या वेळी मोकळी असशील तर. सतारमेकर गल्लीत तुला भोपळ्यापासून तंबोरा कसा करतात ते दाखवीन, आणि राहायला आईकडे ये, ती पावशा करून दाखवेल.

थँक्यू गं. दिओल्ख (वेल्शमधलं थँक्यू, इथे शेवटचा ख घशातून काढायचा त्रास, सांभाळून घे).

तुझी,
मिरजेची एक आई, सध्या मुक्काम कार्डिफ

ता. क. पाकिटावर तुझं नाव लेकीने देवनागरीत लिहिलंय. 'झ' उलटा काढलाय, मी तसाच ठेवला.