सहा घरांत न मावणारा राजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या शब्दकोड्यात आडवे ९ ला ‘नागपूर शहर वसवणारा राजा’ असे सूत्र होते. घरे सहा. माझा जन्म महालातला, गोंडकिल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे पेन्सिल बाजूला ठेवून सरळ पेनानेच ‘बख्तबुलंद’ लिहिले. एक घर उरले. ‘शहा’ जोडून पाहिले, तर एक अक्षर बाहेर पडले. चहा निवला. सौ. म्हणाली, “कायले डोकं लावून राह्यले जी, उत्तर येतेच ना उद्या!” काल आले. ‘रघोजी भोसले’. घरे मोजून सहा. अभिनंदन!

रघोजीराजांबद्दल आम्हाला आदरच आहे. ओरिसापर्यंत धडक मारणारा माणूस तो. पण ते इथे आले, ते बख्तबुलंदाचा मुलगा चांद सुलतान याच्यामागे गादीचा तंटा पेटला आणि त्याची राणी रतनकुंवर हिने मदतीला बोलावले म्हणून. राज्य त्यांच्या हाती आले १७४३ मध्ये. बख्तबुलंदाने शहर वसवले १७०२ मध्ये. चाळीस वर्षे नांदत्या घरात आलेल्याला आपण पायाभरणीचा नारळ दिलात, एवढेच.

बारा वाड्या एकत्र करून बख्तबुलंद या गोंड राजाने गाव मांडले. सीताबर्डी, सक्करदरा, फुटाळा, लेंडरा, भानखेडा ही त्यांतलीच नावे. आपले वार्ताहर रोज याच नावांच्या वस्त्यांतून फिरतात, तरी कोड्यापुरता त्याचा विसर पडतो. तो औरंगजेबाच्या दरबारी गेला, धर्म बदलून आला, म्हणून अडचण होते का? की गोंड म्हणून? सिव्हिल लाइन्समध्ये त्याचा पुतळा आहे. निदान त्याखालचे नाव तरी वाचावे.

‘नागपूर’ हे नाव त्याच्याही आधीच्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटात, इ. स. ९४० मध्ये सापडते, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. मग तर कोड्यात तो ताम्रपट देणारा राजा कृष्ण तिसरा घालावा लागेल, त्याचीही घरे मोजून ठेवा.

आता आणखी एक. मागच्या पावसाळ्यात याच विषयावर मी आपल्याला पत्र लिहिले होते. त्यात ‘बख्तबुलंदाची राजधानी देवगड’ असे होते. छापताना आपल्याकडच्या कुणा विद्वानाने पुढे कंसात ‘सिंधुदुर्ग’ घातले! आमचा देवगड छिंदवाड्याकडचा, सातपुड्यातला. तिथे हापूस पिकत नाही. त्या कंसामुळे मला कणकवलीहून फोन आला आणि मॉर्निंग वॉकची मंडळी अजून ‘काय, पेटी कधी?’ विचारतात. खुलासा पाठवला, तो आजतागायत छापलेला नाही.

तेव्हा या वेळी शुद्धिपत्र छापाल, तर कोड्याखालच्या त्या मुंगीएवढ्या टायपात नको; भिंग लावूनही वाचता येत नाही. आणि हे पत्र छापलेत, तर देवगडापुढे कंस नको.

आपला,
(अजून तरी) नियमित वाचक,
महाल, नागपूर