वहीच्या त्या एका पानासाठी

आदरणीय मॅडम,

माझ्या सुपरकपॅसिटर सेलच्या व्होल्टेज-प्रवाह आलेखाचे वर उसळणारे टोक सरळ होऊन तीन आठवडे झाले, तरी हे पत्र लिहिताना अजून मन भरून येते.

माझा सुपरकपॅसिटर, म्हणजे वीज झटपट साठवणारा आणि सोडणारा सेल, 2 व्होल्टच्या पुढे नेला की प्रवाह एकाएकी वाढत असे आणि चार्ज-डिस्चार्जच्या काहीशे आवर्तनांतच त्याची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) ढासळत असे. वर्षभर ज्यांना ज्यांना विचारले, त्यांनी सेल न पाहताच इलेक्ट्रोडचा कार्बन बदलायला सांगितले. आयन (विद्युतभारित कण) वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट म्हणजे नुसता दोन इलेक्ट्रोडमधली जागा भरणारा द्रव, एवढीच त्यांच्या लेखी त्याची किंमत होती. एका ज्येष्ठांनी तर 2 व्होल्टवरच थांबून शोधनिबंध उरकून टाकण्याचा सल्ला दिला. धारिता तीच धरली, तर ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे 2.7 ऐवजी 2 व्होल्टवर समाधान मानले, तर जवळजवळ 45 टक्के ऊर्जा गमवावी लागते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. माझ्या अडचणीसाठी दहा मिनिटे द्यायची त्यांची तयारी नव्हती, आणि ते मला आजही बोचते.

आपण मात्र कार्बनचे नावही न घेता, "इलेक्ट्रोलाइटमधला क्षार कोरडा आहे याची खात्री कशावरून?" एवढेच विचारलेत. पाण्याचे विघटन तत्त्वतः 1.23 व्होल्टलाच सुरू होऊ शकते, आणि ॲसिटोनायट्राइल या द्रावकातला अमोनियम क्षार 2.7 व्होल्ट पेलतो तो त्यात पाणी नसते म्हणूनच, हे मी पुस्तकात वाचले होते. पण क्षारातून आलेला आणि कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत दडून बसलेला ओलावा तिथेच विघटन पावतो, वायू तयार करतो आणि आयनांच्या वाटा बुजवतो, हे माझ्याच सेलच्या संदर्भात मला प्रथमच उमगले.

तरीही सर्वांत जास्त लक्षात राहिले ते त्यानंतरचे. आपण कपाटातून आपली जुनी वही काढलीत, पान उलगडून माझ्यापुढे ठेवलेत आणि काही न बोलता बाजूला झालात. त्यावर तसाच उसळलेला आलेख चिकटवलेला होता आणि खाली आपल्याच अक्षरात "ओलावा" असा एकच शब्द होता. मी कामाला नालायक आहे, असे वर्षभर मनात घर करून बसलेले त्या पानाने काही क्षणांत दूर केले. आपली चूक पुसून न टाकता दुसऱ्याच्या उपयोगी पडावी म्हणून जपून ठेवणारी माणसे प्रयोगशाळेत असतात, म्हणूनच माझ्यासारख्या विद्यार्थिनी टिकतात.

आता सेल 2.7 व्होल्टपर्यंत जातो आणि आलेखाचा आयत, जो चांगल्या सुपरकपॅसिटरची खूण असतो, शेवटपर्यंत आयतच राहतो. पुढे ॲसिटोनायट्राइलऐवजी प्रॉपिलीन कार्बोनेट वापरून पाहत आहे. ते कमी ज्वालाग्राही आहे, पण घट्ट असल्यामुळे आयनांची गती मंदावून अंतर्गत रोध वाढतो, आणि तो किती वाढू द्यावा हे मला ठरवता येत नाही. आपल्याला सवड असेल त्या दिवशी ते आलेख घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी