ट्युलिपच्या सहलीत हेगची जपानी बाग

महोदय,

ट्युलिपसाठी नेदरलँड्सला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात क्युकेनहॉफची फुलबाग असते, हेगमधले छोट्या प्रतिकृतींचे मादुरोदामही बहुधा असते. तिथून दोनेक किलोमीटरवर क्लिंगेंडाल उद्यानात शंभर वर्षांहून जुनी जपानी बाग आहे. प्रवेश मोफत आहे, तरी ती अनेकांची हुकते. कारण ही बाग वर्षातून फक्त दोनदा उघडते: एप्रिलअखेरीपासून सुमारे सहा आठवडे आणि ऑक्टोबरात सुमारे दोन आठवडे. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचे उद्यान खुले असते, आतल्या बागेच्या फाटकाला मात्र कुलूप.

या कुलपामागचे कारण आहे शेवाळ (मॉस). 'लेडी डेझी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गरेट व्हान ब्रीनेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही बाग उभी केली. दगडी दिवे आणि पाण्याची कुंडे त्यांनी जपानहून आणवली. पण बागेचा जीव आहे तो झाडांखाली अंथरलेल्या शेवाळात. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन या विस्तीर्ण हिरवळीच्या बागेच्या धर्तीवर केलेले असल्याने तिथला हिरवा रंग हिरवळीचा आहे. गवताचे पाते बुंध्यापासून वाढते, म्हणून तुडवले तरी पुन्हा उभे राहते. शेवाळाचे तसे नाही. त्याला खरी मुळे नसतात, पाणी ते अंगानेच शोषते आणि उभे वाढणारे शेवाळ शेंड्याकडून वाढते. शेंडा चिरडला की वाढ खुंटते, गादी जमिनीपासून सुटते. पानगळीचा थर साचून राहिला तर उजेडाअभावी ते खालच्या खाली कुजते. सह्याद्रीतल्या गडांच्या तटावर पावसाळ्यात येते आणि दिवाळीनंतर करपते, तशाच प्रकारची ही वनस्पती. हेगला समुद्राची दमट हवा आणि बारमाही पाऊस असल्याने तिथे ते टिकते, पण माणसांच्या पावलांपुढे तिथेही टिकत नाही.

म्हणून आत गेल्यावर पायवाट सोडू नये. फोटोसाठी एक पाऊल बाजूला टाकण्याचा मोह लाल पुलाजवळ सर्वांत जास्त होतो, आणि नुकसानही अशाच जागी होते. वाटा अरुंद आहेत, बाबागाडी अडचणीची ठरते. सायकल आणि कुत्रा बाहेरच ठेवावा लागतो. आतली लाकडी वास्तू पाहण्यासाठी आहे, तिथे चहा मिळत नाही. उपाहारगृह बाहेरच्या उद्यानात आहे.

आता तारखांचे गणित. क्युकेनहॉफ साधारण मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे दोन्ही बागा एका फेरीत पाहायला जेमतेम दोन आठवडे मिळतात. त्यातही जितका उशीर, तितकी शेतातली ट्युलिप गेलेली, कारण कंद पोसावा म्हणून शेतकरी फुले छाटून टाकतात. आमच्या मते एप्रिलचे शेवटचे दिवस ते मेचा पहिला आठवडा हाच मेळ उत्तम. फक्त 27 एप्रिलचा 'राजाचा दिवस' टाळावा, त्या दिवशी रेल्वेगाड्यांत उभे राहायला जागा नसते. अझेलियाच्या फुलांचा भर हवा असेल तर मेचा मध्य आणि मेपलची लाल पाने हवी असतील तर ऑक्टोबर.

शनिवार-रविवारची दुपार सर्वांत वाईट. वसंतात बाग संध्याकाळपर्यंत उघडी असते आणि मेमध्ये सूर्य नऊच्या पुढे मावळतो. सहानंतर गेलात तर गर्दी ओसरलेली असते आणि तिरप्या उन्हात शेवाळ पोपटी दिसते. हेगच्या मुख्य स्थानकापासून अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. बस आहेच, पण बराचसा रस्ता हागसे बोस या जुन्या जंगलातून जातो, म्हणून चालत जावे.

उघडण्याच्या नेमक्या तारखा हेगची नगरपालिका दरवर्षी जाहीर करते. त्या आपल्या पर्यटन पुरवणीत छापाव्यात, आणि सहल कंपन्यांनी मादुरोदामच्या दिवशी या बागेला एक तास द्यावा, अशी विनंती.

– नेदरलँड्समधील काही मराठी बागप्रेमी