सुहासला, होडीच्या गेमबद्दल

सांगली
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुहास,

परवा तू रागातच फोन ठेवलास, म्हणून हे लिहायला बसलोय. "त्या उकिरड्यात माझी गेम कुणाला दिसणार? दार बंद करा म्हणावं त्यांना," हे तुझं वाक्य अजून डोक्यातून जात नाही. तुझा राग खरा आहे. २०२४ या एका वर्षात स्टीमवर, म्हणजे तू गेम विकायला ठेवणार त्या ऑनलाइन दुकानात, १८ हजारांहून जास्त गेम्स आल्या, म्हणजे दिवसाला पन्नास. नोकरी सांभाळून, तीन वर्षं रात्री जागून तू होड्यांच्या शर्यतीची गेम केलीस, आणि ती त्या पन्नासांतली एक असणार. मला तरी ते कुठं गोड लागतंय?

पण दार बंद करा, म्हणजे निवडक गेम्सच आत घ्या, हे मला पटत नाही.

गणपती पेठेतलं ते सीडीचं दुकान आठव. चाळीसेक सीड्या होत्या. काका आपल्या हातातली काढून घ्यायचे आणि म्हणायचे, "ही तुमच्या मशीनवर अडकणार, ही न्या." त्यांनी दिलेली एकही वाया गेली नाही. २००५ च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, ते परत उघडलंच नाही. मला त्यांची आठवण अजून येते. गेल्या दिवाळीत एका ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये मी अकरा गेम्स घेतल्या. एक चालूच होईना, दोन तर विकतचे तयार साचे आणून नुसते एकाला एक जोडलेले. तेव्हा वाटलं, काका असते तर हात धरला असता. पण सुहास, त्या चाळीस सीड्यांच्या बाहेर काय होतं, हे आपल्याला कधी कळलं का? काका जे आणायचे तेवढंच आपलं जग होतं.

तू म्हणतोस तसं दार एकदा बंद करून झालंय. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत कुणीही उठून गेमचं काडतूस, म्हणजे मशीनमध्ये खुपसायची गेमची डबी, काढत होतं. दुकानं मालानं भरली, लोकांचा विश्वास उडाला आणि तिथला धंदाच कोसळला. अटारी या गेम कंपनीनं न खपलेली काडतुसं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचरा डेपोत नेऊन पुरली. २०१४ मध्ये ती उकरून काढली, तेव्हा लोक बघायला जमले होते. मग निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीनं पसंतीचा आपला शिक्का आणला आणि बाहेरच्या कंपन्यांना वर्षाला पाचच गेम्सची मुभा दिली. त्या वेळी ते बरोबर होतं, कारण न खपलेलं काडतूस दुकानाची फळी अडवतं आणि शेवटी कुणाच्या तरी अंगावर पडतं. आता गेम म्हणजे नेटवरून उतरवायची फाइल, ती कुणाची फळी अडवत नाही. 'अमंग अस' २०१८ मध्ये आली. जवळजवळ दोन वर्षं तिला कुणी फारसं विचारलं नाही, आणि २०२० मध्ये घरात अडकलेल्या जगानं ती उचलली. काडतुसांच्या काळात ती कधीच फळीवरून उतरली असती.

तुझ्या पुण्यातलंच बघ. नॉडिंग हेड्स या कंपनीच्या 'राजी' या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीची हाक दिली होती, ती रक्कम जमली नाही. तोच कौल शेवटचा धरला असता तर २०२० मध्ये आलेली ती गेम आपण खेळलोच नसतो. स्टीमवरही २०१२ पासून ग्रीनलाइट नावाची, कुठली गेम विकायला घ्यायची यावर खेळणाऱ्यांची मतं मागायची पद्धत होती. २०१७ मध्ये ती गेली आणि गेममागे १०० डॉलर भरले की दार उघडं झालं. आपल्या साडेआठ हजार रुपयांच्या आसपास. मतांच्या दिवसांत कृष्णेतल्या होडीला कुणी मत दिलं असतं?

मला खरा राग कशाचा आहे, ते आता सांगतो. मी दिवसभर मार्केट यार्डातल्या पेढीवर वह्या लिहितो. नव्या हळदीची आवक सुरू झालीय. गेटवर कुणाला परत पाठवत नाहीत, बारीक माल असो की भारी. पण अडत घेणारा माणूस पोतं कोपऱ्यात टाकून देत नाही. तो ते उघडतो, माल ओततो, खरेदीदारांना समोर बोलावतो. ते हळकुंड मोडून आतला रंग बघतात, मग सौदा लागतो. अडत घेतो ती त्यासाठी. स्टीम तुझ्याकडून ३० टक्के घेणार. २०१८ च्या अखेरपासून एक कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ आणि पाच कोटींच्या पुढं २० टक्के, म्हणजे सवलत ज्यांना आधीच सगळे ओळखतात त्यांना. ज्याचं पोतं कुणीतरी उघडून दाखवायला हवं, तो पूर्ण ३० भरतो, आणि त्याच्या वाट्याला यंत्रानं लावलेली रांग येते. इतकी अडत घेता, तर माल निवडणारी माणसं बसवा. त्यांनी स्वतः खेळून, स्वतःच्या नावानं सांगावं की ही बघा. माझी मागणी एवढीच आहे, आणि ती मी सोडणार नाही.

गिऱ्हाइकाच्या हातात मात्र हळकुंड मोडायची सोय आहे. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेली गेम स्टीमवर परत करता येते. तुझा डेमो, म्हणजे गेमचा छोटा नमुना, तर महिनाअखेरच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, स्टीमवरच्या डेमोंच्या जत्रेत, फुकटच उघडा पडणार.

म्हणून एक सांगतो, रागावू नकोस. तू पाठवलेला डेमो मी दोनदा खेळलो. वल्हं हातात यायला सात मिनिटं लागतात. आधी गावाची गोष्ट, मग मंडळाची बैठक, मग होडी रंगवणं. सगळं सुंदर केलंयस, आयर्विन पुलाखालचं संध्याकाळचं पाणी बघून तर मला भरून आलं. पण पन्नासांतली एक म्हणून उघडणारा माणूस सात मिनिटं थांबणार नाही. पहिल्या मिनिटाला त्याला पाण्यात घाल, पुलावरच्या लोकांचा आरडाओरडा कानावर पडू दे. बैठक नंतर येऊ दे.

शनिवारी ये. लॅपटॉप आण, आपण रात्री बसून ते मागेपुढे करू. आईनं भडंग करून ठेवलंय, तुझा डबा वेगळा काढलाय.

तुझाच,
अनिकेत