पुरवणीबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

14 सप्टेंबरच्या रविवार पुरवणीत 'फाउंडेशन' या विज्ञानकथेवरच्या सिरीजच्या तिसऱ्या सीझनवर अर्धं पान होतं. लेख बरा होता, लिहिणाऱ्याने खरंच बघून लिहिलंय हे कळत होतं, पण त्यातला खलनायक म्यूल नक्की कोण हे थेट हेडिंगमध्ये? वर त्या पात्राचा फोटोपण! अहो, शेवटचा एपिसोड 12 तारखेला आला, शुक्रवारी. दोन दिवससुद्धा दम निघाला नाही.

मी आणि बाबा 11 जुलैपासून दर शुक्रवारी जेवणं आटपली की एक एपिसोड बघायचो. मग 27 ऑगस्टला गणपती बसले, पोरगा ढोलपथकात, घरात पाहुणे, विसर्जनानंतर दोन दिवस नुसती झोप, त्यामुळे शेवटचे तीन साठले. ठरवलं की रविवारी दुपारी जेवून एका बैठकीत संपवायचे. आणि सकाळी चहाबरोबर मोबाईलवर ई-पेपर उघडला तर हे.

सोमवारी तुमच्या ऑफिसात फोन केला. तिकडून उत्तर आलं की मूळ पुस्तक येऊन किती वर्षं झाली, आता त्यात कसलं गुपित. मान्य, मूळ लेखक असिमोवने म्यूलची गोष्ट 1945 साली मासिकात लिहिली, म्हणजे 80 वर्षं झाली. पण इथेच तर गोची आहे ना! सिरीजवाल्यांनी ते उत्तर बदललंय. म्हणजे ज्यांनी पुस्तक वाचलंय तेच निवांत बसलेले असतात की आपल्याला माहितीये, आणि धक्का नेमका त्यांच्यासाठीच ठेवलेला. (हे सांगणंपण खरं तर फोडणंच झालं, पण तुम्ही नावच छापल्यावर राहिलंय काय.) पुस्तक न वाचलेल्याची तुम्ही मजा घालवलीत ती घालवलीतच, पण आम्हा वाचलेल्यांची जास्त घालवलीत.

आणि आमच्या घरात हे पुस्तक म्हणजे साधं प्रकरण नाही. बाबांनी कॉलेजात असताना अप्पा बळवंत चौकातून जुनी कॉपी घेऊन डिक्शनरी शेजारी ठेवून वाचलं, मी त्याच कॉपीवर वाचलं, तोवर तिची पानं सुटी झालेली. 2021 ला पहिला सीझन आला तेव्हा बाबा नुसते चिडचिड करायचे, कारण सम्राटाचे ते तीन क्लोन, एक पोरगा एक बाप्या एक म्हातारा, पुस्तकात कुठेच नाहीत. पण पुस्तकात दर थोड्या पानांनी काळ कित्येक वर्षं पुढे जातो आणि माणसं बहुतेक नवीन येतात, शिवाय बरीचशी लढाई बाहेर कुठेतरी होते आणि आपण खोलीत बसून बोलणी ऐकतो. हे टीव्हीवर आहे तसं दाखवलं तर कोण बघेल? तेच चेहरे शतकानुशतकं दिसायला हवेत म्हणून क्लोन काढले, ही युक्ती मला तरी भारी वाटते. हल्ली बाबापण म्हणतात की असिमोवला हे सुचायला हवं होतं. याच्यावर लिहा की, अर्धं काय, पूर्ण पान लिहा.

मे महिन्यात नारळीकर सर गेले तेव्हा तुमच्याच पेपरात आलं होतं की 1974 ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, ज. वि. ना. ची आद्याक्षरं उलटी करून, वर अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली. का, तर परीक्षकांनी नाव बघून नाही, कथा वाचून ठरवावं. विज्ञानकथेतलं गुपित असं राखायचं असतं हो, आणि तुम्ही हेडिंगला टाकता.

तर त्या रविवारी मी घरात काहीच बोललो नाही, म्हटलं निदान बाबांची मजा जायला नको. ते छापील पेपर नंतर वाचायला घेतात, पण त्या दिवशी टीपॉयवर पुरवणीच दिसली नाही, वाटलं पोऱ्याने टाकलीच नसेल, सुटलो. दुपारी सलग तिन्ही बघितले आणि ते उघड झाल्यावर बाबा "अरे बापरे" म्हणाले, मीपण म्हणालो. परवा रद्दी काढताना पुरवणी सापडली, त्यांच्या कपाटात, त्या जुन्या कॉपीत नीट घडी घालून ठेवलेली.

पुढच्या वेळी हेडिंग आणि फोटो तेवढे सोडा, आत काय लिहायचं ते लिहा, वर 'आधी बघून मग वाचा' एवढी एक ओळ टाका. आणि हे पत्र छापलंत तर हेडिंग 'पुरवणीबद्दल' असं साधंच द्या, बाबा पत्रंपण वाचतात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कोथरूड, पुणे